प्रदर्शनातली भारी दुर्बीण आणि बेळगावचं आकाश

प्रश्न थोडक्यात असा. राहणं बेळगावच्या टिळकवाडीत, गच्चीवर ८० मिमीची भिंगाची दुर्बीण, हलकं माउंट (दुर्बीण धरून ताऱ्यामागे फिरवणारं यंत्र), जुना डीएसएलआर. मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी दीर्घिका टिपून झाल्या. एप्रिलमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला जायचं आहे. तिथून जवळच, न्यूयॉर्क राज्यातल्या सफर्नला, नॉर्थईस्ट अ‍ॅस्ट्रो-इमेजिंग कॉन्फरन्स आणि तिला लागून नॉर्थईस्ट अ‍ॅस्ट्रॉनॉमी फोरमचं प्रदर्शन भरतं. लाखोंच्या दुर्बिणी समोर असताना नेमकं काय बघावं, काय विचारावं, आणि बेळगावात आणून उपयोग होईल असं त्यात काय आहे?

जरूर जा. फक्त एक सवय घरूनच लावून घ्या: दुर्बीण पुढून बघायची नाही, मागून आणि खालून बघायची. पुढच्या काचेत सगळ्याच भारी दुर्बिणी देखण्या दिसतात. फोटो बिघडतो तो फोकसरमध्ये (कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या नळीत), कॅमेरा बसतो त्या आट्यांमध्ये आणि खालच्या माउंटमध्ये. दुसरं म्हणजे, तिथलं बरंचसं सामान चाळीस अंश अक्षांशावरच्या माणसाच्या गरजेचं असतं. आपण १५.८५ अंशावर आहोत. एवढ्या फरकाने काही महागड्या वस्तू आपल्याला निरुपयोगी ठरतात आणि काही साध्या वस्तू सोन्याच्या.

तर आधी माउंट. प्रत्येक माउंटवर उंचीच्या कोनाची पट्टी असते; हा कोन आपल्या अक्षांशाइतका लावायचा असतो. तिची खालची मर्यादा वाचा. स्कायवॉचर ईक्यू६-आर ५ अंशापर्यंत खाली येतं, काम झालं. काही माउंट १५ ला थांबतात, काही २० ला. २० वाल्याची किंमतही विचारू नका. १५ वालं कागदावर चालतं, पण स्क्रूच्या शेवटच्या आट्यांवर बसवलेलं माउंट बारीक हलवायला गेलं की अडकतं. इतक्या कमी कोनात आणखी एक त्रास आहे. तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला जाऊन धडकतो. उपाय म्हणजे मधे २०० ते ३०० मिमीचा उभा तुकडा, ज्याला पिअर एक्स्टेंशन म्हणतात. स्टॉलवरच्या माणसाला सांगा, ‘कोन १६ वर आणून दाखवा.’ पाच मिनिटांचं काम आहे. त्याने टाळाटाळ केली तर त्यातूनही काय ते कळेल.

ध्रुवताऱ्याचंही तसंच. आपल्याकडे तो १५ ते साडेसोळा अंशांच्या मधेच असतो, म्हणजे शेजारच्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या टाकीमागे. पोलर स्कोपला, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवावर साधायच्या छोट्या दुर्बिणीला, डोळा लावायचा तर जवळजवळ लोळावं लागतं. एवढ्या खाली वातावरणातल्या वक्रीभवनाने तो खऱ्या जागेपेक्षा सुमारे ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर दिसतो. ध्रुव तीन कलांनी चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त ०.८ विकला, म्हणजे आर्कसेकंद, कलेचा साठावा भाग, सरकतो. गाइडिंग, म्हणजे दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एक तारा धरून माउंट सतत दुरुस्त करणं, असेल तर हे पचतं. नसेल तर लांब एक्स्पोजरमध्ये रेघ दिसते. म्हणून ध्रुवाकडे तोंड असलेला खास पोलर कॅमेरा तिथे कितीही आकर्षक वाटला तरी घेऊ नका. नीना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकाशातल्या कुठल्याही तीन जागांचे फोटो काढून ध्रुव साधायची सोय आहे. ध्रुवतारा दिसायचीही गरज नाही. आपल्यासाठी हीच पद्धत.

आता स्ट्रेन-वेव्ह किंवा हार्मोनिक, म्हणजे लवचिक गिअरवर चालणारं माउंट. स्टॉलवर सगळ्यात जास्त गर्दी याच्याभोवती असते आणि ती समजण्यासारखी आहे. रेनबो अ‍ॅस्ट्रोचं आरएसटी-१३५ अवघं ३.३ किलोचं आणि १३.५ किलो पेलणारं. झेडडब्ल्यूओचं एएम५ पाच किलोचं आणि तोलाच्या वजनाशिवाय १३ किलो उचलणारं. खानापूरकडे गाडीत घालून न्यायला याहून सोयीचं काही नाही. पण त्यांची पीरिऑडिक एरर (गिअरमुळे फिरून फिरून येणारी चूक) मोठी असते, वीस विकलांच्या घरात, आणि ती एकसारखी नसून मधेच झपकन उसळते. म्हणजे गाइडिंग सक्तीचं, आणि गाइड कॅमेऱ्याचं एक्स्पोजर अर्धा ते एक सेकंद ठेवायचं. नेहमीच्या सवयीने तीन सेकंद ठेवलं तर दुरुस्ती होईपर्यंत तारा निसटलेला असतो. एक प्रश्न मात्र विचाराच: वीज गेली तर अक्षाला ब्रेक लागतो का? या माउंटवर तोल साधलेला नसतो. काही मॉडेलमध्ये ब्रेक नाही, आणि वीज गेल्यावर दुर्बीण आपल्या भाराने खाली येऊन ट्रायपॉडवर आपटू शकते. हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) लाइनवर गच्चीत काम करणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१०मायक्रॉनचं जीएम२००० किंवा सॉफ्टवेअर बिस्कचं पॅरामाउंट तिथे हाताने फिरवून बघा, मजा येते. १०मायक्रॉनच्या एचपीएस मॉडेलमध्ये अक्षावरच एनकोडर (अक्ष नेमका कुठे आहे ते मोजणारा सेन्सर) असतो, त्यामुळे ताऱ्यांच्या जागांचं नीट मॉडेल भरलं की कित्येकदा गाइडिंगशिवायही काम भागतं. पण ही यंत्रं पक्क्या खांबावर कायमची उभी करायची. रोज गच्चीवर चढवायची आणि उतरवायची असतील तर त्या अचूकतेतलं निम्मं जिन्यातच सांडतं.

कुठलंही माउंट पारखायची एक साधी रीत: दुर्बीण लावलेली असताना ट्यूबच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि थरथर किती वेळात थांबते ते मोजा. एक सेकंदात थांबली तर उत्तम; तीन सेकंद लागले तर ट्रायपॉड कमजोर आहे, माउंट कितीही भारी असो. आणि कंपनीने सांगितलेल्या भारक्षमतेच्या निम्मा, फार तर साठ टक्के भारच फोटोसाठी धरा.

दुर्बिणीकडे वळू. इथे एकच गणित पाठ असू द्या. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६.२६५ ने गुणा, मिमीमधल्या फोकल लेंग्थने भागा. एका पिक्सेलवर किती विकला आकाश येतं ते मिळतं. आजच्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत, सेन्सर आयएमएक्स ५३३ असो, ५७१ असो वा फुल-फ्रेम ४५५, पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचाच. टाकाहाशी एफएसक्यू-१०६ ची फोकल लेंग्थ ५३० मिमी, म्हणजे पिक्सेलला १.४६ विकला. प्लेनवेव्ह सीडीके१४ ची २५६३ मिमी, म्हणजे ०.३ विकला. आता आपल्याकडची हवेची थरथर २ ते ३ विकला धरून चाला. ताऱ्याचा ठिपकाच जर एवढा मोठा असेल तर ०.३ विकलेचा पिक्सेल त्याच पसरट ठिपक्याचे बारीक तुकडे करतो, नवं काही दाखवत नाही. ठिपक्याचा निम्मा ते एक तृतीयांश पिक्सेल पुरे. त्या हिशेबाने आपली रास्त मर्यादा ५०० ते ८०० मिमी. चौदा इंची सीडीके डोळे भरून बघा, त्याच्या आरशामागचे पंखे आणि तापमानाचे सेन्सर बघा, पण ती चिलीच्या डोंगरावरची वस्तू आहे.

चित्राची रुंदीही अशीच मोजता येते. ५७१ सेन्सर २३.५ बाय १५.७ मिमीचा आहे. ५३० मिमीवर तो अडीच अंश बाय १.७ अंश आकाश घेतो. देवयानी दीर्घिका तीन अंशांच्या आसपास पसरलेली, टोकं कापली जातात. ४०० मिमीवर ३.३७ अंश मिळतात आणि ती आरामात बसते.

४०० मिमीचं नाव काढलं की सेलेस्ट्रॉनची रासा ८ आठवते. आठ इंची, एफ/२ (फोकल लेंग्थ व्यासाच्या दुप्पट), आणि तुलनेने स्वस्त. स्टॉलवर सांगतात की एफ/५ पेक्षा सहापट वेगवान. गणित बरोबर आहे, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एफ/२ ला फोकस अचूक राहण्याची जागा जेमतेम ११ मायक्रॉन, एफ/५ ला ६७, एफ/७ ला १३० च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे सेन्सर एका बाजूने केसाच्या एक षष्ठांशाने जरी कलला तरी एका कोपऱ्यातले तारे फुगतात. शिवाय रासा ८ चं स्वच्छ चित्रवर्तुळ २२ मिमीचं आहे. ५७१ चा कर्ण २८ मिमी, म्हणजे कोपरे बाहेर. तिच्याबरोबर १६ मिमी कर्णाचा ५३३ च शोभतो. कॅमेरा पुढे, प्रकाशाच्या वाटेत बसतो, त्यामुळे फिल्टरचं चाक लावता येत नाही, सरकत्या ड्रॉवरमधून एकेक फिल्टर बदलायचा. आणि अरुंद पट्ट्याचे साधे फिल्टर तिथे चालत नाहीत. तिरके किरण फिल्टरमधून जाताना त्याची पट्टी निळ्याकडे सरकते आणि हायड्रोजन-अल्फाची ६५६.३ नॅनोमीटरची रेषाच बाहेर पडते. एफ/२ साठी पट्टी मुद्दाम सरकवलेले फिल्टर वेगळे मिळतात. घेताना तेच मागायचे.

त्यापेक्षा फोकसरकडे जास्त वेळ द्या. स्टॉलवर परवानगी घेऊन फोकसर अर्ध्यापर्यंत बाहेर काढा, कुलूप घट्ट करा आणि कॅमेऱ्याच्या जागी हात धरून हलकं वर-खाली दाबा. हाताला थोडी जरी लचक लागली, तर दीड-दोन किलोचा कॅमेरा आणि फिल्टरचं चाक लावल्यावर ती दसपट दिसेल. कॅमेरा दोन इंची नळीत खुपसून स्क्रूने आवळायचा असेल तर ते डोळ्याने बघणाऱ्यांसाठी ठीक. फोटोसाठी आट्यांची जोडणी हवी: एम४८, एम५४ किंवा त्याहून मोठी. ट्यूबही पाहा. अ‍ॅल्युमिनिअमची अर्धा मीटर नळी तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण ०.११ मिमी आखडते, म्हणजे एफ/५ च्या ६७ मायक्रॉनच्या बाहेर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दहा-बारा अंश उतरतात. कार्बनची नळी आखडत नाही, पण भिंगं आपला फोकस बदलतातच. तेव्हा कार्बनवर जादा पैसे घालण्याऐवजी फोकसला मोटर लावा आणि दर एक-दोन अंशांच्या फरकाला फोकस परत करायची सूचना सॉफ्टवेअरमध्ये घाला.

स्टॉलच्या भिंतीवर लावलेल्या फोटोंवरून दुर्बीण पारखायची नाही, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ब्लरएक्सटर्मिनेटरसारखं सॉफ्टवेअर कोपऱ्यातले ताणलेले तारे गोल करून देतं. त्यामुळे तयार फोटोतला गोल तारा भिंगाचा की सॉफ्टवेअरचा, हे ओळखता येत नाही. विक्रेत्याकडे एकच एक, प्रक्रिया न केलेली फ्रेम मागा, फिट्स फॉरमॅटमध्ये, पेन ड्राइव्हवर. ती लॅपटॉपवर उघडून चार कोपरे आणि मध्य शंभर टक्क्यांवर बघा. चारही कोपरे सारखेच बाहेरच्या दिशेने ताणलेले असतील तर भिंग आणि सेन्सरमधलं अंतर चुकलंय, सुधारता येतं. एकच कोपरा वाईट असेल तर कल आहे. स्ट्रेल रेशोचं, म्हणजे भिंग आदर्शाच्या किती जवळ आहे त्या आकड्याचं, प्रमाणपत्र दाखवतील. ते बहुधा मध्यावरचं आणि एकाच रंगाच्या प्रकाशातलं असतं, कोपऱ्यांबद्दल त्यातून काही कळत नाही.

फोटोखालची पाटीही वाचा, विशेषतः एकूण तास आणि ठिकाण. आकाश एका प्रतीने (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) उजळ असेल तर तितकाच स्वच्छ फोटो यायला अडीचपट वेळ लागतो. टिळकवाडीची गच्ची जांबोटीपुढच्या शिवारापेक्षा तीन प्रतींनी उजळ धरली तर सोळापट. म्हणजे तिकडचे दहा तास इकडे एकशेसाठ. कुठल्याही भारी दुर्बिणीने हे अंतर भरून निघत नाही, पेट्रोलने निघतं. शहर न सोडता करायचं तर तीन-पाच नॅनोमीटरचे अरुंद फिल्टर आणि वायुरूप तेजोमेघ, दीर्घिका नाहीत.

परिषदेतल्या व्याख्यानांतही हाच चष्मा लावून बसा. तिथला वक्ता सप्तर्षीतल्या एम८१ आणि एम८२ या दीर्घिकांच्या जोडीबद्दल तासभर बोलेल. ती आपल्याकडे सदतीस अंशांवर कशीबशी चढते. उलट धनूतला एम८ तेजोमेघ आपल्याकडे पन्नास अंश चढतो आणि नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी गुच्छ जवळजवळ सत्तावीस. सफर्नवाल्यांना तो जेमतेम क्षितिजाला घासून जातो. म्हणून दक्षिणेचा माणूस, मग तो ऑस्ट्रेलियाचा असो की टेक्ससच्या टोकाचा, बोलत असेल तर ते सत्र चुकवू नका. प्रक्रियेच्या वर्गांना कागद-पेन घेऊन बसा, कारण पिक्सइनसाइट या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण हे नंतरही सापडतं, कुठल्या क्रमाने आणि का हे सापडत नाही. बाहेर मैदानात सूर्याच्या दुर्बिणी लावलेल्या असतात. हायड्रोजन-अल्फाची सौर दुर्बीण तिथे नक्की डोळ्याला लावा. ऑक्टोबर ते मे ऊन असलेल्या आपल्या जिल्ह्यात, आणि रात्री जागायची हौस संपलेल्या माणसासाठी, ही सगळ्यात कमी चर्चा होणारी चांगली खरेदी आहे.

आता इकडे काय आणावं. ट्यूब आणि माउंट आणू नका. वजन, वाटेतली आदळआपट आणि बहुतेकदा विकलेल्या देशापुरतीच असलेली वॉरंटी, तिन्ही गोष्टी आड येतात. कॅमेरा, फिल्टर, ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर (दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारा तुकडा) आणि फोकसची मोटर, एवढं हँडबॅगेत मावतं. पावत्या जवळ ठेवा, ड्यूटी-फ्री मर्यादा निघण्याआधी तपासा आणि वर जात असेल तर विमानतळावर स्वतः जाहीर करा. बॅटरी तिकडून आणायचा विचारही नको: १०० वॅट-तासांपर्यंतची लिथिअम बॅटरी केबिनमध्ये चालते, आणि आपल्याला लागणारी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची १२८० वॅट-तासांची असते. ती इथेच घ्या. कॅमेऱ्याचं कूलिंग, माउंट, दव रोखणारे पट्टे आणि छोटा संगणक मिळून पाच-सहा अँपिअर लागतात. आठ तासांना पन्नासच्या आसपास, म्हणून शंभरची. वायर २.५ चौरस मिमीची तांब्याची वापरा. पाच मीटर लांब ०.७५ च्या वायरीत सहा अँपिअरला जवळपास १.४ व्होल्ट वाटेतच जातात, आणि मग पहाटे तीनला माउंट विनाकारण थांबलं असं वाटतं.

वजनं, पिअर, अ‍ॅडॉप्टर यांवर तिथे डॉलर घालवणं म्हणजे बेळगावच्या माणसाने बाहेरून कुंदा मागवणं. उद्यमबागेत आणि मच्छ्याला फाउंड्री आहेत, लेथ आहेत. १५० मिमी व्यास, ४० मिमी जाडी आणि मधे २० मिमीचं भोक असलेली बिडाची चकती बरोबर पाच किलो भरते. भोकाचं माप मात्र आपल्या दांड्यावरून घ्या. कॅमेऱ्याच्या रिंगाही होतात. एक नेहमीचा हिशेब: सपाटीकरणाच्या भिंगापासून (फ्लॅटनर, जे कोपऱ्यातले तारे नीट करतं) सेन्सरपर्यंत ५५ मिमी हवेत. कॅमेरा १७.५, फिल्टरचं चाक २०, गाइडर १६.५, बेरीज ५४. वर २ मिमी जाडीच्या फिल्टरची काच फोकस तिच्या एक तृतीयांशाने, म्हणजे ०.७ मिमी, मागे ढकलते, म्हणून एकूण ५५.७, रिंग १.७ मिमीची. लेथवाल्याने ‘पिच किती वो?’ विचारलं तर एम४२, एम४८, एम५४ तिन्हींना उत्तर एकच: ०.७५ (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये). दोन्ही तोंडं समांतर हवीत हे दोनदा सांगा आणि मायक्रोमीटरने चार जागी मोजून घ्या, ०.०२ मिमीच्या आत असेल तर पैसे द्या.

जागेबद्दल एवढंच. खानापूर-जांबोटीकडे गेलात तर शहराचा उजेड पाठीशी, उत्तरेला राहतो आणि दक्षिण मोकळी मिळते. निपाणी-संकेश्वरकडे बसलात तर तोच उजेड दक्षिणेला येतो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळल्याचा धूर वर. कणकुंबीच्या बाजूला रस्त्याकडेला न थांबता ओळखीच्या शेतात, घराजवळ बसा. त्या रानात अस्वलं आहेत. ज्येष्ठाजवळचा रंगीत तेजोमेघ मार्चच्या पहाटे, ओमेगा सेंटॉरी एप्रिलच्या मध्यरात्री, वळीव आडवा आला नाही तर.

परत याल तेव्हा मे संपत आलेला असेल. आठवडा-दोन आठवड्यांत मृग लागेल आणि ऑक्टोबरपर्यंत नव्या कॅमेऱ्याला तारा दिसणार नाही. त्याआधी भिंगावर बुरशी दिसेल. तेव्हा सगळ्यात पहिली खरेदी इथली: रबरी कडेचा हवाबंद डबा, आत अर्धा किलो रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेल निळ्याचं गुलाबी झालं की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवून, पूर्ण गार झाल्यावर परत आत. महिन्यातून एकदा डबा उघडा, भिंगावर टॉर्च तिरका धरा आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात का ते बघा.